चार इंचाचा पोलॉक, चार इंचाचा मोंड्रियान आणि कोकणातला पावसाळा

ताई, तुम्ही काय विचारलंत ते आधी थोडक्यात मांडतो. मालवणात समुद्रापासून हाकेच्या अंतरावर घर, बँकेतून रिटायर झाल्यावर शोकेस सजवायची हौस, मुलाने ऑनलाइन मागवून दिलेला सहा प्रसिद्ध ॲब्स्ट्रॅक्ट, म्हणजे अमूर्त, चित्रांच्या छोट्या कॉप्यांचा सेट, सगळी चार बाय चार इंच, वर लिहिलेलं 'हँडपेंटेड'. एक पावसाळा गेला आणि मोंड्रियान ह्या चित्रकाराच्या कॉपीतल्या पांढऱ्यावर तपकिरी ठिपके आले, दुसऱ्याची, पोलॉकची कॉपी तर काचेलाच चिकटून बसली. आता अजून दहाएक पीस घ्यायचेत तर कुठले घ्यावेत, प्रिंट घ्यावी की हाताने केलेलं, हे कायद्यात बसतं का, पुढे किंमत येईल का, आणि ठिपके जातील का.

मी कुडाळात फ्रेमिंगचं दुकान चालवतो. त्याआधी बोर्ड पेंटर होतो, फ्लेक्स आला आणि आमचं पोट गेलं, मग फ्रेमा, आणि फ्रेमांच्या नादाने ह्या छोट्या कॉप्या. सोळा-सतरा वर्षं झाली. पहिला पोलॉक अंगणात वाळत ठेवला होता तेव्हा आई म्हणाली होती, "ह्यां काय रे, रंग सांडलो काय?" अजूनही गिऱ्हाईक दुकानात येऊन साधारण तेच म्हणतं, फक्त जरा सभ्य भाषेत.

तुमचे फोटो बघितले. बुरशीचं नंतर बोलू, मला पहिलं खटकलं ते माप. मोंड्रियानचं ते लाल-निळं-पिवळं चित्र, १९३० चं, झ्युरिकच्या म्युझियममध्ये आहे, ते खरं आहे साधारण ४६ सेंटिमीटर चौरस. म्हणजे दीड फूट, आपल्या देवघराच्या दारात बसेल एवढं. आणि पोलॉकचं 'ऑटम ऱ्हिदम', १९५० चं, न्यूयॉर्कच्या मेट म्युझियममधलं, ते आहे सव्वासतरा फूट लांब आणि पावणेनऊ फूट उंच. आपल्याकडच्या छोट्या होडीएवढं लांब. ही दोन चित्रं तुमच्या शोकेसमध्ये शेजारी शेजारी एकाच मापाची बसलीत! वर परत, पोलॉकचं चित्र लांबट असून ह्यांनी चौकोनात कोंबलंय, म्हणजे दोन्ही बाजू कापल्या, निम्मं चित्र गेलं. गणपतीचा फोटो सोंडेपाशी कापला तर कोणी घेईल का, पण ॲब्स्ट्रॅक्टमध्ये काय गेलं ते कळत नाही म्हणून चालून जातं.

देखाव्याचं किंवा माणसाचं चित्र छोटं झालं तरी डोकं आपोआप हिशोब लावतं, माणूस केवढा असतो ते आपल्याला माहीत असतं. ॲब्स्ट्रॅक्टमध्ये तसं धरायला काहीच नसतं. पांढऱ्यावर काळी रेघ, ती बोटाएवढी की हाताएवढी, हे फक्त मापावरून कळतं. म्हणून माझं पहिलं सांगणं हे की संग्रहाला एक स्केल ठरवा आणि ती मोडू नका. बाहुलीघरवाले जी वापरतात ती घ्या, एकास बारा, फुटाला इंच, हिशोब तोंडपाठ होतो. मग मोंड्रियान होतो दीड इंच, मालेविचचा 'ब्लॅक स्क्वेअर' अडीच इंचाहून जरा मोठा, कँडिन्स्कीची ती वर्तुळांची गर्दी, 'सेव्हरल सर्कल्स', १९२६ ची, ती साडेचार इंचाच्या वर, आणि पोलॉक सव्वासतरा इंच बाय पावणेनऊ. शोकेसमध्ये पोलॉक मावत नाही? नको मावू दे, भिंतीवर लावा. दीड इंचाच्या मोंड्रियानच्या डोक्यावर तो सव्वासतरा इंच लांब पसरला की घरी येणारा माणूस न विचारता समजतो की ह्या दोघांचं काम वेगळं होतं. सगळं एका मापात केलं की तो फ्रीजवरच्या मॅग्नेटचा सेट होतो, आणि मॅग्नेट वाईट नाहीत पण मग हँडपेंटेडचे पैसे कशाला मोजायचे.

जागा कमी असेल तर एकास चोवीस घ्या. माझ्या मते त्यात सगळ्यात छान दिसतो तो हिल्मा आफ क्लिंटचा १९०७ चा 'द टेन लार्जेस्ट'. स्वीडनची बाई, कँडिन्स्कीचं नावही झालं नव्हतं तेव्हा सव्वातीन मीटरच्या आसपास उंचीचे दहा कागद रंगवले, टेंपरा ह्या मॅट वाळणाऱ्या रंगात, मग कॅनव्हासवर चिकटवलेले. दहाही चित्रं जवळपास सारख्या मापाची, त्यामुळे एकास चोवीसला दहा पीस होतात, प्रत्येक साधारण सव्वापाच बाय चार इंच. तुम्हाला दहाच हवेत म्हणालात ना, हा सेट डोळे मिटून घ्या. फक्त चकचकीत वॉर्निश मारलेला घेऊ नका, मूळ काम मॅट आहे आणि त्यातला गुलाबी-केशरी चकाकला की आइस्क्रीमच्या जाहिरातीसारखा दिसतो.

आता प्रिंट की हात. इथे लोकांचा उगाच गैरसमज आहे की प्रिंट म्हणजे फसवणूक. मार्सेल ड्युशाँ ह्या फ्रेंच कलाकाराने १९३५ पासून काही वर्षं खपून स्वतःच्याच ६९ कामांच्या छोट्या प्रतिकृती एका पेटीत बसवल्या, त्या छापीलच होत्या, वर स्टेन्सिलने हाताने रंग भरलेला, आणि आज त्या पेट्या म्युझियममध्ये आहेत. त्यानेच न्यूयॉर्कच्या कॅरी स्टेटहायमर बाईंच्या बाहुलीघरासाठी स्वतःचं 'जिना उतरणारं न्यूड' हे गाजलेलं चित्र हाताने एवढंसं करून दिलं होतं, ते घर तिथल्या शहराच्या म्युझियममध्ये आहे. म्हणजे दोन्ही चालतं. फसवणूक होते ती प्रिंटला हँडपेंटेड म्हटल्यावर.

तुमचा सेट प्रिंट आहे, ताई. फोटोवरून ९० टक्के खात्री होती, म्हणून तुम्हाला भिंगातून क्लोजअप पाठवायला सांगितला, त्यात दिसलंच. लाल चौकोनावर ब्रशचे उभे फटकारे आहेत, बरोबर? ते फटकारे लाल संपल्यावर थांबत नाहीत, काळ्या पट्टीवरून तसेच पुढे पांढऱ्यात जातात. खऱ्या रंगात असं होत नाही, लाल भरणारा ब्रश लालच्या कडेला थांबतो. म्हणजे प्रिंट काढली आणि वरून पारदर्शक जेल ब्रशने फासलं. दहापट मोठं दाखवणारं भिंग स्टेशनरीवाल्याकडे मिळतं, घ्याच एक, त्यातून कडेला बघितलं की इंकजेटचे बारीक ठिपके पिठासारखे उडालेले दिसतात.

मोंड्रियानमध्ये बघायची अजून एक गोष्ट, आणि ही मला स्वतःला कळायला तीन वर्षं लागली. आपल्याला वाटतं पांढरं म्हणजे मागचा कोरा भाग आणि काळ्या पट्ट्या वरून मारलेल्या. उलट आहे. त्याच्या चित्रांत काळ्या रेघाच सगळ्यात सपाट, आणि पांढरं थरावर थर देऊन, ब्रश वेगवेगळ्या दिशांनी फिरवून भरलेलं. मी बोर्ड पेंटर, आमची सवय टेप लावायची, काळं मारायचं, टेप ओढायची. टेप ओढली की काळ्याची कड किंचित वर उभी राहते, आणि दीड इंचाच्या चित्रात ती केसाएवढी कड पण बोट फिरवलं तर लागते. सगळं उलटं झालं की! आता मी आधी काळं पातळ मारतो, वाळल्यावर पॉलिश पेपरने घासतो, आणि मग शून्य नंबरच्या ब्रशने पांढरं काळ्यापर्यंत आणून थांबवतो, तीन-चार थर. शिवाय त्या १९३० च्या चित्रात सगळ्या पट्ट्या एका जाडीच्या नाहीत, डावीकडची आडवी छोटी पट्टी बाकीच्यांपेक्षा ठळक जाड आहे. स्वस्त कॉपीत सगळ्या सारख्या मारलेल्या असतात. विकत घेताना पहिली तीच बघा. ह्या दीड इंचाला माझे चार दिवस जातात आणि सव्वासतरा इंची पोलॉकला रंगवायला जेमतेम अर्धा दिवस, म्हणून माझ्याकडे छोटा महाग आहे आणि ह्यावरून गिऱ्हाईकं दर महिन्याला भांडतात.

पोलॉकचं दुखणं निराळं. तो घरगुती इनॅमल वापरायचा, आमच्याच धंद्यातला रंग, जमिनीवर पसरलेल्या कोऱ्या कॅनव्हासवर काठीने, वाळून कडक झालेल्या ब्रशने ओतायचा. मला वाटलं हे तर आपलंच काम, पण थेंब काही एकास बारा होत नाही. माणूस लहान करता येतो, रेघ बारीक करता येते, पण थेंब पडायचा तेव्हा त्याच्या आकाराचाच पडतो. त्याची बोटाएवढी जाड धार मला दीड मिलिमीटरची हवी, आणि ब्रशने ती 'काढली' की लगेच कळतं, ओतलेल्या रेघेला वळणावर जाडी येते, जिथे हात मंदावतो तिथे. शेवटी माडाच्या झावळीची हीर कामाला आली. इनॅमल थोडं घट्ट होऊ द्यायचं, हीर बुडवून वर उचलली की रंगाची तार सुटते, काकवीची सुटते तशी, ती तार हलती असतानाच कापडावर फिरवायची. हवा दमट असेल त्या दिवशी नीट जमत नाही, वारा असेल त्या दिवशी तर नाहीच. आणि थेंबाला थेंब जुळवणं अशक्य आहे, म्हणून मी मागे स्पष्ट लिहितो की ही त्या पद्धतीने, त्या रंगांत, त्या मापात केलेली आहे, रेघेला रेघ नाही. रेघेला रेघ हवी असेल तर चांगली प्रिंटच घ्या. हाताने केलेला छोटा पोलॉक शंभर टक्के जुळतो असं कोणी सांगितलं तर नमस्कार करून निघा. कॅनव्हासचंही तेच, नेहमीच्या कॅनव्हासची वीण एवढ्या छोट्या कामात गोणपाटासारखी दिसते, मी जुनं मलमल किंवा पॉपलीन वापरतो, पांगाऱ्याच्या पातळ फळीवर खळीने चिकटवून. पांगारा म्हणजे सावंतवाडीच्या खेळण्यांचं लाकूड, हलकं. खळ चिंचोक्याची, तिथल्या गंजिफाच्या, म्हणजे हाताने रंगवलेल्या पत्त्यांच्या, कामात वापरतात ती. चितारआळीतल्या एका म्हाताऱ्या चिताऱ्याने मला खळ आणि खडूच्या पुडीचं प्रमाण शिकवलं, डोळ्यांनी, मापाने नाही.

आणि ह्याच खळीने मला एक मजा दाखवली. मालेविचचा 'ब्लॅक स्क्वेअर', १९१५ चा, मॉस्कोत आहे, साधारण ८० सेंटिमीटर. पहिल्या प्रदर्शनात त्याने तो खोलीच्या कोपऱ्यात वर टांगला होता, रशियन घरात देवाची तसबीर लावतात त्या जागी. तो आता पूर्ण भेगाळलाय, आणि काळ्याखाली एक नाही, दोन रंगीत चित्रं आहेत हे २०१५ मध्ये तपासणीत निघालं. प्रश्न असा की कॉपी करायची ती १९१५ ची गुळगुळीत की आजची भेगाळलेली? मी आजची करतो, आपण बघतो ते आजचंच. आता अडीच इंचावर भेगा काय ब्रशने काढायच्या? काढल्या, फालतू दिसल्या, कोळ्याच्या जाळ्यासारख्या. मग एकदा मे महिन्यात शेताच्या बांधावरून जाताना बघितलं, खाचराच्या मधोमध चिखल जाड होता तिथे ताटाएवढे पोपडे उठलेले आणि कडेला चिखलाचा पातळ पापुद्रा होता तिथे नखाएवढे. थर पातळ तर भेगांचं जाळं बारीक. घरी येऊन खळ आणि खडूचा अस्तर एकदम पातळ दिला, वर काळा, आणि उन्हाला तापवला. भेगा आल्या, बारीक, आपापल्या. थेंब लहान व्हायला तयार नाही पण भेग होते, एवढ्या वर्षांत मला सापडलेली ही एकच गोष्ट जी स्वतःहून एकास बारा होते. चौकोनाच्या कडाही पट्टीने मारू नका म्हणून सांगतो सगळ्यांना, मूळ चौकोन काटकोनात बसणारा नाहीच, जरा कललेला आहे.

रोथको, रंगांचे मोठे आयत रंगवणारा, तुमच्या सेटमध्ये आहे तो काढून टाका. हे माझं मत, रागावू नका. त्याची चित्रं माणसापेक्षा मोठी, जवळ उभं राहून बघायची, रंगाने आपल्याला वेढायला हवं. चार इंचात त्याचं शेडकार्ड होतं. मी तो करत नाही.

करत नाही ह्याला दुसरंही कारण आहे, ते म्हणजे कायदा. आपल्याकडे चित्रकार गेल्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं कॉपीराइट राहतो. मालेविच १९३५ ला गेला, पॉल क्ले १९४० ला, मोंड्रियान, कँडिन्स्की आणि हिल्मा तिघंही १९४४ ला, हे सगळे आपल्याकडे मोकळे. पोलॉक १९५६ ला गेला, तो २०१७ पासून मोकळा. रोथको १९७० ला, म्हणजे २०३० संपेपर्यंत नाही. आणि आपले भारतीय चित्रकार तर अजून लांब आहेत. गायतोंडे २००१ ला गेले, २०६१ पर्यंत थांबा. रझा २०१६ ला, २०७६. आपल्या रायगडातल्या नागावचे प्रभाकर बरवे १९९५ ला, तेही २०५५ पर्यंत. तुमच्या सेटमधलं ते बिंदूचं चित्र रझांचं आहे आणि विकणाऱ्याने परवानगी घेतली असेल असं मला अजिबात वाटत नाही. गायतोंड्यांचं तर महिन्यातून एकदा तरी कोणी विचारतं, २०१३ ला मुंबईच्या लिलावात त्यांचं चित्र २३ कोटी ७० लाखांना गेलं तेव्हापासून जास्तच. मी नाही म्हणतो. स्वतःच्या अभ्यासाला एकदा करून बघितलं, रोलर फिरवून, रंग खरवडून, चाकूने थर काढून, आणि जमलं नाही हे प्रामाणिकपणे सांगतो, त्यांचा उजेड आतून येतो आणि माझा वरून येत होता. परदेशात पाठवायचं असेल तर तिथले नियम वेगळे, अमेरिकेत पोलॉक अजून मोकळा नाही, तेव्हा भाच्याला बोस्टनला गिफ्ट वगैरे देताना लक्षात असू द्या.

सहीची नक्कल केलेला पीस घेऊच नका. चांगल्या कॉपीच्या पुढे सही नसते आणि मागे सगळं असतं, मूळ चित्राचं नाव, साल, म्युझियम, मूळ माप, स्केल, कशावर कशाने केलं, आणि करणाऱ्याचं नाव.

किंमत वाढेल का? नाही. रिचर्ड पेटिबोन नावाचा अमेरिकन होता, साठच्या दशकापासून दुसऱ्यांच्या प्रसिद्ध चित्रांच्या टीचभर कॉप्या करायचा, मासिकात फोटो जेवढा छापून येईल त्याच मापाच्या, त्या आज महाग जातात, पण त्या त्याच्या म्हणून जातात. माझी किंवा ऑनलाइनवाल्याची कॉपी दहा वर्षांनी तेवढ्याचीच राहील, कोकणात ठेवलीत तर कमीचीच.

कारण इथली हवा. हवेतली आर्द्रता ६५-७० टक्क्यांच्या वर सतत राहिली की बुरशी धरते आणि आपल्याकडे जून ते सप्टेंबर त्याच्या खाली येतच नाही, त्यात खारा वारा, मीठ पाणी धरून ठेवतं. तुमचा पोलॉक चिकटला कारण ते जेल ॲक्रिलिकचं आहे, ॲक्रिलिक उष्ण-दमट हवेत मऊ राहतं, आणि फ्रेमवाल्याने काच थेट त्याच्यावर टेकवली. काच आणि चित्रात निदान तीन-चार मिलिमीटर फट हवी, आत माउंटची पट्टी घालून. मागे हार्डबोर्ड असतो तो दमटपणात तपकिरी सोडतो, त्याच्याऐवजी ॲसिड-फ्री बोर्ड मागा, आणि लोखंडी चुका (बारीक खिळे) नकोत, पितळी लावा, लोखंडाचा गंज एका पावसात पुढे येतो. शोकेस समुद्राकडच्या भिंतीला लावलीय तुम्ही, ती आतल्या भिंतीला न्या, मागे दोन बोटं जागा सोडून, चिऱ्याची भिंत ओल धरते. आत ओल शोषणाऱ्या, रंग बदलणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की वेगळ्या जुन्या तव्यावर मंद आचेवर तापवून परत वापरा, स्वयंपाकाच्या तव्यावर नको. दोन-तीनशे रुपयांचा आर्द्रता मोजायचा काटा मिळतो, तो शोकेसच्या आत ठेवा, बाहेर ठेवून काय कळणार. डांबरगोळ्या टाकू नका, त्यांचा वास रंगाला आणि तुम्हाला दोघांनाही बरा नाही.

आता तुमचे ठिपके. दोन प्रकार असतात. वर पिठासारखं उठलेलं असेल तर ती जिवंत बुरशी, त्या चित्राला बाकीच्यांपासून वेगळं करा, ओल्या कापडाने पुसू नका, इंकजेटची शाई पाण्याने उतरते. सावलीत वाऱ्यावर चार दिवस वाळू दे, ऊन नको, मग अंगणात, नाकाला मास्क लावून, मऊ कोरड्या ब्रशने अलगद झटका. पण सपाट तपकिरी डाग असेल, बोटाला काही लागत नसेल, तर तो कागदातच आहे, घरी जाणार नाही, आणि ह्या किमतीच्या प्रिंटवर कन्झर्वेटरचा, म्हणजे चित्रं दुरुस्त करणाऱ्या तज्ज्ञाचा, खर्च करू नका.

पोलॉकची काच ओढू नका. फ्रेमसकट डिसेंबरपर्यंत कोरड्या कपाटात ठेवा. थंडी पडली, हवा सुकली की ॲक्रिलिक जरा कडक होतं आणि कित्येकदा कड आपोआप सुटते, तेव्हा कुडाळला घेऊन या, मी दातांच्या फटी साफ करायचा दोरा मधून सरकवून बघतो. सुटली तर सुटली. तसाही निम्माच आहे तो.